पूल, टाकी, दवाखाना

आमच्या यागवी गावात कुणी कुणाला भीत नाही, पण ओतिलियाच्या गिरणीवर रांग मोडायची छाती कुणाची होत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवलेला मका बादल्यांत घेऊन पहाटेपासून बायका उभ्या असतात. एकदा पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीनं "बाबांना चर्चात मिस्सेला उशीर होतोय" म्हणत बादली पुढे सरकवली. ओतिलियानं ती उचलली आणि निमूट रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. "देवाला घाई नसते गं, तुलाच आहे," म्हणाली.

एवढ्याच गुणावर जानेवारीत गावसभेनं तिला सभा चालवायला टेबलावर बसवलं. आमच्याकडे पद मागून मिळत नाही, गळ्यात पडतं. नाव पुकारलं जातं, तो माणूस "मला जमायचं नाही हो, माझं डोकं दुखतं हो" म्हणून गयावया करत असतो आणि तोवर फळ्यावर रेघा पडलेल्या असतात. ओतिलियानंही सांगून पाहिलं, "सहावीपर्यंत शिकलेली बाई मी, मला काय कळतंय सभेतलं?"

"मोजता येतं ना? झालं तर!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि शंभरावर हात वर गेले.

वर्षभराचं काम, पगार शून्य. शिवाय टेबलावरच्या माणसाला स्वतःचं मत नाही. लोकांना विचारायचं, हात मोजायचे, फळ्यावर लिहायचं, बस. नवरा सेलेरिनो म्हणाला, "म्हणजे गावात आता तूच एक मुकी." हसला मेला.

दरवर्षी आमचं गाव तेकियोतून एक मोठं काम उभं करतं. घरटी एक माणूस, आठवड्याला एक दिवस, फुकट राबायचं. एका वर्षात एकच काम निभतं. मागे एकदा हौसेनं दोन काढली होती, त्यातल्या वाचनालयाच्या चार भिंतींत अजून बकऱ्या बांधतात. यंदा मागण्या तीन होत्या. वरच्या आळीला पाण्याची टाकी हवी, कारण पावसाळा सरला की तिथल्या बायका कपाळाला पट्टा लावून पाठीवरून पाणी वाहतात. मधल्या आळीला दवाखान्याची खोली हवी, कारण डॉक्टरीण येते महिन्यातून दोनदा आणि बसते शाळेच्या व्हरांड्यात. आणि नदीपलीकडल्या आळीला पूल हवा, कारण जुना झुलता पूल वाहून गेला तो गेलाच.

ओतिलिया राहते मधल्या आळीत, पण जीव तिचा नदीपलीकडे. एकुलती एक लेक माउरा तिकडे दिलेली. आदल्या सप्टेंबरात माउराला कळा सुरू झाल्या तेव्हा नदी दोन्ही काठ सोडून चालली होती. चार गड्यांनी तिला खुर्चीला बांधून तीनदा पाण्यात पाऊल घातलं आणि तीनदा माघारी आले. ओतिलिया अलीकडच्या काठावर उभी. पाणी ओसरलं दुसऱ्या दिवशी दुपारी. बाळ तोवर गेलं होतं. आता माउराला पुन्हा दिवस गेले होते, ऑगस्टची तारीख, ऐन पुराची. ओतिलियाला पूल हवा होता. दुसरं काही सुचतच नव्हतं तिला, पण बोलायची सोय नव्हती.

मार्चमधल्या पहिल्या रविवारी बास्केटबॉलच्या मैदानावर सभा भरली. रिंगखाली टेबल, शाळेतून आणलेला फळा, प्रत्येक घरचा एक माणूस. गावाचे अध्यक्ष फिलोगोनियो, पोट सांभाळत बसलेले. ओतिलियानं तिन्ही कामांवर एकदमच हात घेतले. टाकी अडतीस, दवाखाना त्रेचाळीस, पूल एकोणचाळीस. ज्यानं त्यानं आपापल्या आळीचं ओढलं, दुसरं काय व्हायचं! आणि निम्म्याहून एक जास्त, म्हणजे एकसष्ट हात असल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही.

"मग दोन-दोनची जोडी लावा," फिलोगोनियो म्हणाले. "कुणीतरी एकसष्ट ओलांडेलच."

टाकी आणि पूल यांची जोडी लागली. टाकीला एक्क्याऐंशी. वरच्या आळीनं टोप्या उडवल्या. तेवढ्यात मधल्या आळीतून आवाज आला, "टोप्या कसल्या उडवताय! आमच्या दवाखान्याशी कुठं गाठ पडलीय टाकीची?" बरोबरच होतं ते. ओतिलियानं ती जोडी लावली. दवाखान्याला ब्याऐंशी, टाकी पडली. आता पलीकडले उठले. "आम्हाला पाडणारी टाकीच पडली की! मग आमची दवाखान्याशी लावा." लावली. पुलाला सत्त्याहत्तर, दवाखाना आडवा.

ओतिलियाच्या हातातला खडू थांबला. तिला वाटलं, झालं, पूल आला. इतकं बरं वाटलं की तोंडावर हसू दिसू नये म्हणून ती फळ्याकडे वळली.

तर वरच्या आळीचा कासिल्दो उभा राहिला. खवट म्हातारा. "अगं बाई, पुलाला आम्ही आत्ताच लोळवलंय! एक्क्याऐंशी हातांनी! विसरलीस?"

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा एक्क्याऐंशी, टाकीला. मग पुन्हा दवाखाना. मग पुन्हा पूल. दुपारची कॉफी झाली, मक्याच्या पिठाचे, बीन्स भरलेले तमाल खाऊन झाले, आणि गाव आपलं घाण्याच्या बैलासारखं फिरतंय. दर खेपेला बहुमत खरं, घसघशीत, आणि दर खेपेला वेगळं. ओतिलियानं रांगांमधून फिरून एकेका हाताला बोट लावून मोजलं. चूक सापडेना. चूक असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायला लागलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," कासिल्दो म्हणाला.

"मुरतंय ना, तुमच्याच आळीत मुरतं, म्हणून तर टाकी लागते!" पलीकडून कुणीतरी हाणलं. सगळे हसले, ओतिलिया सोडून. आजवर तिच्या मोजण्यावर कुणी संशय घेतला नव्हता. तिला रडूच आलं. फिलोगोनियोंनी सभा दोन आठवडे पुढं ढकलली.

तेवढ्या दिवसांत गिरणीवर दुसरा विषय नव्हता. ओतिलियानं प्रत्येकीला विचारलं, पहिलं काय, दुसरं काय, नकोच असं काय? आणि गिरणीच्या भिंतीवर खडूनं लिहीत गेली. वरच्या आळीला आधी टाकी, ती नाही तर पूल, कारण त्यांची मक्याची शेतं पलीकडे. दवाखाना शेवटी. मधल्या आळीला आधी दवाखाना, नाही तर टाकी, कारण उन्हाळ्यात त्यांचेही नळ सुकतात. पूल? "तिकडे जाऊन राहा म्हणून कुणी सांगितलं होतं त्यांना?" आणि पलीकडल्यांना आधी पूल, मग दवाखाना. टाकी नकोच, त्यांच्या दारात झरा आहे. कुणीही मत बदललं नव्हतं. एकशे वीस शहाणी माणसं, आणि सगळी मिळून वेडी. हे कसं होतं, ते ओतिलियाला काही केल्या उमगेना.

ती तिओ ओनेसिमोकडे गेली. नव्वदीचा म्हातारा, सगळ्या गावाचा तिओ म्हणजे काका, तीनदा अध्यक्ष झालेला. ओसरीवर कणसं सोलत बसला होता.

"तिओ, तुमच्या वेळी कसं करायचात?"

"आम्ही मोजतच नव्हतो, पोरी. बोलत बसायचो. दोन दिवस, तीन दिवस. सगळ्यांचं एक होईस्तोवर कुणी उठायचं नाही."

"आणि व्हायचं एक?"

"न होऊन सांगतंय कुणाला? ज्याची मेस्कलची बाटली आधी संपायची तो कबूल व्हायचा."

"मग ते बरं होतं म्हणायचं."

"बरं कसलं डोंबलाचं! ज्याचा आवाज मोठा त्याचं चालायचं. आणि तुम्ही बायका तर चुलीपाशी. तेव्हा बळी तो कान पिळी, आता जास्ती ते कान पिळी." त्यानं कणीस बाजूला ठेवलं. "पण एक सांगू? हात कुणी वर केले हे सगळे बघतात. आधी काय विचारलं आणि मागून काय, ते कुणी बघत नाही."

घरी येता येता ओतिलिया वाटेतच थांबली. गिरणीत जाऊन तिनं भिंतीवरच्या रेघा पुन्हा वाचल्या. कुठल्याही दोघांची आधी जोडी लावा, एक पडणार. आणि मागं ठेवलेलं तिसरं येऊन उरलेल्याला पाडणार. दर वेळी. म्हणजे जे शेवटी विचारू ते जिंकणार. गावानं ठरवायचं काही उरतच नव्हतं, ठरवणार ती. हे कुणाला सांगावं तर म्हणतील, बाईनं घोळ घातला होता, आता कबूल करतेय. न सांगावं तर क्रम कुणीतरी लावणारच, म्हणजे तीच. शेवटी तिनं ठरवलं, चिठ्ठ्या टाकायच्या, देव लावील तो क्रम. कागदाच्या तीन चिठ्ठ्या करून तिनं एप्रनच्या खिशात ठेवल्या.

दुसरी सभा भरली. फिलोगोनियोंनी सुरुवातीलाच सांगितलं, "आज दोनच मतदानं. आधी दोन कामांची जोडी, जिंकेल त्याची तिसऱ्याशी. मग विषय बंद, मागं वळायचं नाही. मान्य?" झाडून सगळे हात वर. लोकांना घरी जायचं होतं.

"आणि आधी कुणाची जोडी लावायची?" एकानं विचारलं.

"ते टेबलावरची ठरवील," फिलोगोनियो म्हणाले. "ओतिलियाला काय सांगायचं क्रमाचं!" त्यालाही हात वर. कासिल्दोचासुद्धा.

ओतिलियानं खिशात हात घातला. चिठ्ठ्या बोटांना लागल्या. मान वर केली तर मैदानाच्या पायऱ्यांवर माउरा बसलेली, नवऱ्याचं जेवण घेऊन आलेली. पोट अजून फारसं दिसत नव्हतं, पण पोरीचा एक हात तिथंच ठेवलेला होता.

"आधी दवाखाना आणि टाकी," ओतिलिया म्हणाली.

ठरवून म्हणाली की तोंडातून निघून गेलं, ते तिचं तिला आजही सांगता येत नाही. दवाखान्याला ब्याऐंशी. मग दवाखाना आणि पूल. पुलाला सत्त्याहत्तर. टाळ्या झाल्या, बँडवाल्यांनी एक धून वाजवली, आणि मधल्या आळीच्या बायकांनी ओतिलियाला कोपरखळी मारली, "आपल्या आळीची असून हरवलंस की गं आम्हाला!" थट्टेनंच. तिनं चिठ्ठ्या घरी येऊन चुलीत टाकल्या.

पूल जूनमधल्या सान हुआनच्या सणाआधी उभा राहिला. तिन्ही आळ्या राबल्या. हरले म्हणून कुणी घरी बसलं नाही, हे आमच्या गावाचं मला आवडतं. ऑगस्टात भर पावसात माउराला खुर्चीवर बसवून पुलावरून आणली, ट्रकनं शहरात नेली. मुलगी झाली. नोएमी. ओतिलिया तिला मांडीवरून खाली ठेवीना. पण मध्येच थबकायची. सेलेरिनोनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "पूल गावानं मागितला ना रे?" तो म्हणाला, "सत्त्याहत्तर हात होते, तूच मोजलेस." तेच तर, ती म्हणाली.

नोव्हेंबरात वरच्या आळीचे झरे आटले. एका दुपारी गिरणी बंद करून ओतिलिया दगड धूत होती, तेव्हा तिथली चेबा आली. पाठीवर पाण्याचा कॅन, कपाळाला पट्टा. चेबा तिची कोमाद्रे. तिच्या थोरल्या लुसिलाला बाप्तिस्म्याच्या वेळी ओतिलियानं धर्ममाय म्हणून हातात धरलेलं, तेव्हापासून दोघी बहिणींसारख्या. चेबानं कॅन उतरवला आणि उंबऱ्यावर टेकली.

"लुसिलाचा पाय कसा आहे?" ओतिलियानं विचारलं.

"प्लास्टर आहे अजून. डॉक्टरीण म्हणते, थोडी लंगडेल. ओल्या उतारावर पाण्यासकट घसरली, काय करायचं!"

ओतिलिया दगड घासत राहिली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "बहुमतच तसं पडलं गं, कोमाद्रे."

"पडलं की. मीही पुलाला हात वर केला होता. दवाखान्यापेक्षा पूल बरा." चेबानं कपाळावरचा वळ चोळला. "पण आधीच्या सभेत टाकीनं पुलाला पाडलेलं मला आठवत होतं. फळा मलाही दिसतो. घरी जाऊन मक्याचे दाणे मांडून बघितलं मी. जे शेवटी येतं ते जिंकतं."

ओतिलियाचा हात थांबला. "मग ओरडली का नाहीस?"

"मला काय कळेना. ओरडावं तर टाकी येईलच असं नाही. आणि पायऱ्यांवर माउरा दिसत होती. ओरडू की गप्प बसू, ओरडू की गप्प बसू, तोवर टाळ्या झाल्या."

"मी चिठ्ठ्या केल्या होत्या गं, चेबा. देवाशपथ. खिशात होत्या माझ्या." ओतिलियाला हुंदका आवरेना.

"असतील." चेबा रागावलेली नव्हती. रागावली असती तर ओतिलियाला सोपं गेलं असतं. तिनं पट्टा कपाळाला लावला, कॅन पाठीवर घेतला आणि कंबर सरळ केली. "रडू नकोस. येत्या मार्चात आमची टाकी शेवटी घे, म्हणजे झालं."

"तेव्हा मी नाही गं टेबलावर. जानेवारीत माझं वर्ष संपतंय. दुसरी कुणीतरी येईल."

"मग तिला शिकव," चेबा म्हणाली.

ओतिलियानं धुतलेलाच दगड पुन्हा घासायला घेतला.