अडीचशे अक्षरांत न मावणारी माणसं

पुएर्तो गार्सात माणसाला अख्ख्या नावाने हाक मारणारी एकच बाई होती. बाकी आमचं गाव टोपणनावांवर चालतं. कुणी 'बगळा', कुणी 'सातमाशा', कुणी 'भोपळा'. माणूस गेला की शवपेटीवरचं नाव वाचून शेजारीच विचारतात, "हा कोण बुवा?" एतिल्विया मात्र मक्याचे उकडलेले बोयो विकणाऱ्यालासुद्धा "होसे दे ला क्रूस ओलास्कोआगा बारागान, दोन द्या हो," अशी हाक मारायची, आणि तिचं म्हणून होईपर्यंत होसे पुढच्या दारी पोचलेला असायचा. गाव हसायचं. हसणाऱ्यांना कारण माहीत होतं, तरी हसायचं. आमचं गाव तसंच आहे.

कारण होतं येयो. तिचा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा असताना तो सीमेपलीकडे कापूस वेचायला गेला, दोन पत्रं आली आणि मग काहीच नाही. आईने, म्हणजे नार्सिसाने, शहरातल्या वकिलातीत अर्ज करवला. उत्तर आलं, 'येयो हे नाव नव्हे. कृपया पूर्ण नाव कळवावे.' आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. बापाने पोराची नोंद होडीवर कामाला असताना कुठल्याशा बंदरात केली होती, कोणत्या ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तो तर कधीच देवाघरी गेला होता. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रींनी चार-पाच नावं एका दमात घेतली. "पोर रडत होतं, मी त्याला झुलवत होते. ऐकतंय कोण?" असं नार्सिसा जन्मभर सांगत राहिली. देवळाच्या पायरीवरच तिने त्याला येयो म्हटलं आणि तेच राहिलं. तो कापूस वेचायला निघून गेल्याला त्रेचाळीस वर्षं झाली.

पुढे एतिल्विया देवळाच्या कचेरीत कारकून झाली. लग्न केलं नाही, म्हणून गाव तिला 'नीन्या' म्हणू लागलं. आमच्याकडे बिनलग्नाची बाई साठी उलटली तरी नीन्याच, म्हणजे पोरगीच. येयोचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत असणार, एवढी तिची आशा. पण जुन्या वह्या माळ्यावरच्या पेटीत होत्या, पेटीची चावी पाद्री बाउदिलिओंकडे, आणि पाद्री चावी शोधत असतानाच नदी देवळात पार माळ्यापर्यंत शिरली. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत नुसता चिखल. दोन पिढ्यांची नावं त्या चिखलात गेली.

तेव्हा पाद्री म्हणाले, "नीन्या, घरोघर जा. जिवंत आहेत त्यांना विचार आणि या नव्या यंत्रात उतरव."

बारा वर्षं ती उतरवत होती. पद्धत तिची स्वतःची. प्रत्येक बाईचा एक फोल्डर. तिच्या पोरांचे फोल्डर तिच्या फोल्डरच्या आत, नातवंडांचे त्या पोरींच्या आत. लेकरू आईच्या घरात असतं तसं. फोल्डरचं नाव म्हणजे पूर्ण नाव, दोन्ही आडनावं, टोपणनाव, कुणाची लेक, कुठलं घर. पुन्हा म्हणून कुणाला कुठल्या कचेरीने परत पाठवता कामा नये. आणि एखादी बाई वारली की एतिल्विया त्याच संध्याकाळी यंत्रापुढे बसायची आणि नावाच्या शेवटी जोडायची : 'देव तिला आपल्या वैभवात ठेवो आणि तिच्या आत्म्याला अखंड विसावा लाभो.' आमच्याकडे मेलेल्या माणसाचं नाव आशीर्वादाशिवाय घेत नाहीत. बोलताना घेत नाही तर लिहिताना कसं घ्यायचं?

हळूहळू यंत्र कुरकुर करू लागलं. काही फाइली उघडेनात. एकदा एक पोर चुकून दोनदा नोंदलं गेलं होतं, ते पुसायला गेली तर यंत्र म्हणे पुसता येत नाही, हलवताही येत नाही. एतिल्वियाने देवाची इच्छा समजून दोन्ही पोरं ठेवली. दोन वर्षांपूर्वी नार्सिसा गेली. तिच्या नावापुढे आशीर्वाद लागला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या पोटातली येयोची फाइल उघडेनाशी झाली. यंत्रानेही दुखवटा धरला असेल, असं एतिल्वियाला वाटलं. खरंच वाटलं.

त्या फाइलीत काय होतं? पाच पानं. येयोच्या डाव्या भुवईवरची खूण कशाची, तो शीळ कोणत्या चालीवर घालायचा, कापसाच्या मुकादमाचं नाव काय असावं, जाताना अंगात कुठला सदरा होता. सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून गेली होती. येयोबद्दल गावाला जे काही माहीत होतं ते तेवढंच आणि तिथेच.

बुधवारी बिशपच्या कचेरीतून चिठ्ठी आली. सगळ्या देवळांतली जुनी यंत्रं गोळा करून, कोरी करून शाळांना देणार. गाडी गुरुवारी दुपारी बारा वाजता येईल. पाद्री नदीच्या वरच्या वस्त्यांवर गेलेले, तिथे फोन लागत नाही. एतिल्वियाच्या तोंडचं पाणी पळालं.

गुरुवारी सकाळी सातला तिने पेन ड्राइव्ह लावला. निम्मी घरं सुरळीत उतरली. उरलेल्यांना यंत्राने दारातच अडवलं : नाव फार लांब आहे. तिने यंत्र बंद करून चालू केलं. पेन ड्राइव्ह झग्याला पुसून पुन्हा लावला. नऊ वाजता हात टेकले आणि चौक ओलांडून ती मिलेदिसकडे गेली. मिलेदिसचं झेरॉक्स आणि फोन रिचार्जचं दुकान. चाळिशीची बाई, आवाज असा की नदीपलीकडच्यांनाही दुकानाची पाटी वाचावी लागत नाही.

"नीन्या एतिल्विया! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय? तुम्ही आणि माझ्या दुकानात?"

"मिलेदिस देल कार्मेन पाद्रोन ओलास्कोआगा—"

"बास, बास, मीच ती. काय झालं ते सांगा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

मिलेदिसने येऊन यंत्र पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "हे काय केलंय? पणजीच्या पोटात आजी, आजीच्या पोटात आई, आईच्या पोटात पोर! अहो, यंत्राला पोरापर्यंत जायचं तर या सगळ्या बायांची नावं एका दमात घ्यावी लागतात. त्याचा दम अडीचशे अक्षरांचा. पुढे त्याला धाप लागते. मग ते उघडत नाही, हलवत नाही आणि पुसतही नाही."

"पण आधी तर उघडायचं गं."

"आधी ही पणजी जिवंत होती." मिलेदिसने पेन्सिलीने अक्षरं मोजली. "तुमच्या आशीर्वादानेच सगळा घोळ केलाय. वरच्या म्हातारीच्या नावापुढचं हे शेपूट कापा, खालची सगळी पोरं सुटतील."

एतिल्विया खुर्चीत बसली. "मेलेल्या बाईचा आशीर्वाद कापू?"

"नाहीतर दुपारी बाईसकट कापला जाईल. बिशपच्या कचेरीत कुणी आशीर्वाद वाचत बसणार नाहीये."

"आणि त्यांच्या आत्म्याचं काय?"

"आत्म्याला काय फोल्डर वाचता येतात? यातल्या निम्म्या जणी जिवंतपणी अंगठा उठवायच्या!"

एतिल्विया हसली नाही. चष्मा पुसून ती कामाला लागली. तिने त्यातूनही वाट काढली. बोटाने आशीर्वाद पुसायचा आणि पुसता पुसता तोच तोंडाने म्हणायचा, म्हणजे ती बाई क्षणभरही उघडी पडत नाही. "माफ करा हं, पेत्रोना. देव तुम्हाला आपल्या वैभवात ठेवो..." टिक टिक टिक. पेत्रोनाच्या आतली अकरा माणसं पेन ड्राइव्हवर गेली. पुढची कांदेलारिया. तिची सतरा. यंत्र म्हातारं, एकेका घराला दहा-दहा मिनिटं खायचं. पडदाभर हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकायची आणि एतिल्वियाचा जीव तिच्याबरोबर सरकायचा.

साडेदहाला मिलेदिस कॉफी घेऊन आली. तिने यादी पाहिली. "सहा घरं राहिली. तुमचं कुठाय? आधी ते घ्या ना!"

"घरच्यांनी शेवटी जेवायचं असतं."

"ही काय पंगत आहे? वीज गेली तर?"

"वीज दोनला जाते. तसं पत्रक लावलंय."

"पत्रक! अहो नीन्या, आपल्या गावात वीज पत्रक वाचून जाते का?"

एतिल्वियाने पुढचं घर उघडलं. घरच्यांनी शेवटी जेवायचं ही गोष्ट खरी होती, पण अर्धीच. उरलेली अर्धी अशी, की आईच्या नावाला हात लावायला तिचा जीव होत नव्हता. बाकीच्या म्हाताऱ्यांसाठी तिने तोंडाने आशीर्वाद म्हटला होता. आईपाशी आल्यावर आवाज फुटेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. म्हणून ती दुसऱ्यांची घरं घेत राहिली. मिलेदिसला ते कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. तिने विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

अकरा चाळीसला गाडी आली. वीस मिनिटं आधीच. आमच्याकडे वेळेवर कुणी येत नाही, आणि नेमका हा आला. गाडीवाला आर्सेसिओ डोंगराकडचा, मऊ बोलणारा, हातात कागद. त्याने टोपी काढली. "बाईसाहेब, मी आर्सेसिओ. यंत्र क्रमांक चौदा. सावकाश आवरा. मी सावलीत थांबतो. फक्त नदीवरची पाचची फेरीबोट चुकवून चालणार नाही, आणि अजून तीन गावं आहेत."

"एकच घर राहिलंय, आर्सेसिओ... तुमचं पूर्ण नाव काय?"

"आर्सेसिओ पुरे, बाईसाहेब."

शेवटच्या परक्या घराची हिरवी पट्टी पूर्ण झाली. एतिल्वियाने नार्सिसाचं नाव उघडलं. ते पडद्यावर मावतच नव्हतं. मारिया नार्सिसा दे लास मेर्सेदेस आरिएता बियादिएगो, निळ्या घराची, रोझारिओची लेक, आणि पुढे आशीर्वाद. तिने शेवटच्या अक्षरापाशी बोट ठेवलं. "आई," ती म्हणाली आणि थांबली. "आई, देव तुला..."

पंखा मंदावला. मग थांबला. पडदा काळा झाला.

बाहेर चौकात सगळ्या दुकानांतून एकदमच शिवी उठली. रोजचीच.

मिलेदिस धावत आली. "माझा जनरेटर बिलियर्डवाल्याने नेलाय, पंधरा दिवस झाले, मुडद्याने परत केला नाही!" ती तशीच त्याच्याकडे पळाली. तिथून बातमी आली की जनरेटर पलीकडच्या काठावरच्या लग्नात आहे. आर्सेसिओ अर्धा तास थांबला. मग आणखी पाऊण तास थांबला. एतिल्विया काळ्या पडद्यासमोर बोट तसंच टेकून बसलेली, जणू उचललं तर जागा हरवेल.

"नाही का ठेवता येणार? उद्यापर्यंत?" मिलेदिसने विचारलं.

"आकडा लिहिलाय ताई. चौदा नंबर नसला तर मलाच घरी पाठवतील." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "मी तिथे सांगतो. एक फाइल काढून ठेवा म्हणून सांगतो. नाव काय तिचं?"

"येयो," एतिल्विया म्हणाली.

आर्सेसिओने खिशातून पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा. तिथे असल्या शेकडो असतील."

एतिल्वियाने त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण सांगण्यासारखं काही नव्हतंच. मिलेदिसनेच भरभर आईचं नाव सांगितलं, त्याने अर्धं लिहून घेतलं, कागद संपला. मग त्याने यंत्र उचललं, भिंतीतली वायर हळूच काढली आणि टोपी घालून निघून गेला. गाडी वळणावरून गेली आणि दहाव्या मिनिटाला पंखा फिरू लागला. रिकाम्या टेबलावरची धूळ चौकोनी राहिली होती.

सोमवारी एतिल्वियाने बिशपच्या कचेरीत फोन केला. तिकडच्या बाईने आपुलकीने चौकशी केली आणि सांगितलं की ती सगळी यंत्रं शुक्रवारीच कोरी झाली. हो, एक गाडीवाला काहीतरी सांगत होता, पण त्याला नीट नाव सांगता आलं नाही.

त्या दिवशी तिने कचेरीतला लांब कागद घेतला. वर आईचं नाव लिहिलं, अख्खं. कागदाला कसली अट नव्हती, म्हणून सावकाश, एकेक अक्षर काढत पूर्ण आशीर्वाद लिहिला आणि तो मोठ्याने म्हटलाही. या वेळी आवाज अडला नाही. मग खाली, थोडं आत सरकवून, लिहिलं : येयो. भुवईवरची खूण आठवली. सदऱ्याचा रंग निळा की हिरवा, ते आठवेना. सांगणारी फेलिसिया गेल्याला सहा वर्षं झाली होती.

ती पुन्हा त्या नावाकडे आली. येयो. दोन अक्षरं, आणि पुढे सगळी ओळ मोकळी. त्याच्या नावापुढे आशीर्वाद लावायचा की नाही, हे त्रेचाळीस वर्षांत तिला ठरवता आलं नव्हतं. तिने पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि मग टोपण लावून ठेवलं.