वांगावर की वांग्यावर

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या खोत मास्तरांचे. त्यांच्यामुळे मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आत्याचं तोंड भाजलं, ते मात्र माझ्या स्वतःच्या हुशारीमुळे.

१९५० नंतरच्या दशकातलं मुलुंड. (दिवेलागणीला कोल्हे ओरडायचे.) आत्यानं चार वर्षं मला घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं, पापड विकून माझी फी भरली. बी.एस्सी. झाल्यावर माझी एकच इच्छा होती: पदवीचा झगा भाड्यानं आणून, तो घालून फोटो काढायचा आणि मधल्या खुर्चीवर आत्याला बसवायचं.

"मी नाही बसायची," आत्या म्हणाली. "गालावरचे हे वांग बघ. जन्मभर भिंतीवर टांगून ठेवणार का?"

पन्नाशी उलटल्यापासून तिच्या दोन्ही गालांवर काळपट डाग पडले होते. त्यांनाच ती वांग म्हणायची.

"रसायनं शिकलास ना रे?" आतोबा पेपराआडून म्हणाले. "मग घालव की."

रसायनशास्त्राच्या पुस्तकात वांग नव्हते. मी मास्तरांना कार्ड टाकलं. गावात ताप, विंचू आणि परसबाग या तिन्हींवर उपाय तेच सांगत. मी लिहिलं, 'वांग्यावर काळे डाग पडले आहेत. आत्याच्या मनाला फार लागलं आहे. उपाय कळवावा.'

उलट टपाली उत्तर आलं. 'तंबाखू भिजवून ते पाणी दोन वेळा शिंपड. मुळाशी राख घाल. पाणी बेतानं दे. ऊन मात्र भरपूर मिळू दे.'

"मुळाशी म्हणजे कुठे रे?" आत्यानं विचारलं.

"केसांच्या," मी पदवीधराच्या आत्मविश्वासानं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या भर दुपारी अंगणात पाटावर बसू लागली. केसांत राख, गालांवर तंबाखूचं पाणी. पाणी बेतानं म्हणून तिचा चहा मी अर्ध्या कपावर आणला. शेजारच्या गोदाक्का कुंपणावरून हळूच म्हणाल्या, "घरात काही वाईट झालं का हो?"

"नाही," आत्या म्हणाली, "फोटो आहे."

चौथ्या दिवशी गाल बिटासारखे लाल झाले आणि डाग आणखी काळे. झगा परत करायला दोन दिवस उरले होते. मी तिला घाईघाईनं डॉक्टरांकडे नेलं. आतोबाही आले, मजा बघायला.

"वयाचे आणि उन्हाचे डाग आहेत हे," डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं उन्हात पापड वाळवलेत, त्याबरोबर तुम्हीही वाळलात. आता बाहेर पडताना छत्री घ्या, डोक्यावरून पदर घ्या. नवे पडू नयेत एवढं आपल्या हातात आहे. पण तंबाखू कुणी सांगितली?"

मी अभिमानानं कार्ड पुढे केलं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"उपाय बरोबर आहे. आमची ही परसात हेच करते. वांग्यांना."

आतोबांनी कार्ड ओढून घेतलं.

"मास्तरांना तू नक्की काय लिहिलंस?" आतोबांनी विचारलं.

"वांग्यावर काळे डाग..."

"वांगावर रे, वांगावर. बी.एस्सी. झालास, मराठी चौथीतच राहिली."

मी मान खाली घातली. आता फोटो विसरायचा. इतक्यात आत्या हसायला लागली. हसता हसता केसांतली राख डॉक्टरांच्या टेबलावर पडली.

"चार दिवस मी वांगं होते होय? अख्ख्या आळीनं मला तशी पाहिली. आता डागांची कसली लाज? चल, झगा बाहेर काढ."

गाल निवल्यावर, शेवटच्या दिवशी आम्ही फोटोवाल्याकडे गेलो. आत्या छत्री घेऊन, राणीसारखी. फोटोवाला म्हणाला, "बाई, गालावरचे डाग पुसून देऊ का?"

"राहू देत," आत्या म्हणाली. "त्याच उन्हात पापड घालून मी याला पदवीधर केलाय."

त्या आठवड्यात मी मास्तरांना लिहिलं:

'ती. मास्तरांना साष्टांग नमस्कार. सोबत फोटो पाठवत आहे. खुर्चीवर आत्या, मागे झग्यात मी. वांगचं वांगाला होतं आणि वांग्याचं वांग्याला, हे आपण मला चौथीत शिकवलं होतं, ते मला पदवीनंतर समजलं. आपलं औषध मात्र गुणकारी आहे. आत्याला अजून एकही कीड लागलेली नाही.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी.'