अट नसलेली चाळणी

प्रज्ञा गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्यावरच चिडलेलो होतो. सकाळपासून तीन फोन केले, बाईसाहेब उचलतील तर शपथ! चौथा मूर्तिजापूरहून तिच्या भावाने उचलला... साधा ताप म्हणून चार दिवस अंगावर काढला होता तिने. दीड महिना झाला, पण अजून मला एका जागी धड बसवत नाही.

अमरावतीत आम्ही एकाच छोट्या ऑफिसात शेजारी बसायचो. मोकळ्या वेळात तिने अमरावती-अकोल्यापुरतं रक्तदाते शोधण्याचं एक वेबपान बांधायला घेतलं. रक्तगट, तालुका, शेवटचं रक्तदान कधी, अशा चौकटी. भराल तेवढ्या अटींनी यादी गाळली जाणार. पहिली चाळणी मी लिहिली, रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषेत, एक 'जर' घालून. कुणी तालुक्याची चौकट कोरी सोडली की माझी चाळणी यादीऐवजी 'निल' पुढे द्यायची, म्हणजे काहीच नाही, आणि पुढचा सगळा शोध तिथेच कोलमडायचा. प्रज्ञाने अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं झापलं. "काहून रे, एखादी चाळणी नसन लावायची तं तूर उकिरड्यावर फेकतेत का? जशीच्या तशी पुढच्या चाळणीत टाकतेत ना!" तेव्हापासून आमची प्रत्येक चाळणी अटीची, अट लागू नसेल तर आलेली यादी तशीच पुढे.

तिचं स्वतःचं नावही त्यात होतं. ओ निगेटिव्ह, मूर्तिजापूर. ती गेल्यावरही ते लोकांना दिसत राहिलं, फोन जात राहिले, आणि तिचा मोबाइल आता तिच्या आईकडे. हे कळलं तेव्हा लाजेने माझे कान तापले. मूर्तिजापूरला जाऊन म्हटलं, "आई, मी तिचं नाव काढतो."

"नको काढू. फोन येते तं कोणी तरी तिचं नाव घेते. घरात आता कोणीच घेत नाही."

आठवडाभर मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. एकीकडे आई, दुसरीकडे दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून नंबर लावणारा कुणीतरी, ज्याचा वेळ आमच्यामुळे वाया जाणार. प्रज्ञाने मला खुर्चीवरून उठवून हे केव्हाच उरकलं असतं. तिचा राग येतो मला... अजूनही येतो. शेवटी एका दुपारी चाळणी लिहिली: हयात नसलेले वगळा. हिला मी अट घातली नाही. कुणी काहीही शोधो, ही लागणारच. शोध घेऊन पाहिला, तर तिच्या खालची नावं एकेक ओळ वर सरकली होती.

आईंना सांगायला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवर फोन केला. कोणाचा आहे हे न बघताच त्या बोलायला लागल्या.

"माही प्रज्ञा नाही राह्यली, बाप्पा. पण फोन ठेवू नको. कोणतं रक्त पाह्यजे ते सांग, मी गल्लीत विचारून पाह्यतो. आजवर कोणालेच रिकामं नाही पाठवलं."

फोन कानाशी धरूनच मी लॅपटॉप पुढे ओढला.

त्या नंबरपुढे आता आईंचं नाव आहे. रक्तगट कोणताही टाका, मूर्तिजापूर म्हटलं की सगळ्यात आधी तेच दिसतं.