मागच्या विमानातले साहेब

साहेब बोलता बोलता मान वळवून मागं बघायचे. आधी उजव्या खांद्यावरून, मग डाव्या. चहाचा कप हातात असो, नाहीतर दारात उभ्यानं गप्पा चाललेल्या असोत, चार वाक्यं झाली की मान मागं गेलीच. पहिल्यांदा मला राग आला. मी समोर बसलोय आणि हा माणूस भिंतीकडं बघतोय. मी विचारलं, "कुणी मागावर आहे का साहेब?"

"सवय आहे शेठ," ते म्हणाले. "तुम्ही पुढचं बघा. मागचं मी बघतो."

गारखेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिकडं अजून ज्वारी उभी असायची. मी औरंगपुऱ्यात जुन्या जीपांचे सुटे भाग विकून वर आलेला माणूस. ते हवाई दलातून निवृत्त झालेले. आमच्या औरंगाबादचेच. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा शाळेत होते. निजामाचं राज्य गेल्यावर मोठे झाले आणि थेट लढाऊ विमानात जाऊन बसले. पासष्टची लढाई केली, एकाहत्तरची केली. याउपर काही सांगत नसत. ज्याच्याकडं दाखवण्यासारखा माल आहे त्यानं तो झाकून ठेवावा, हे माझ्यासारख्या धंदेवाल्याला पटणारं नव्हतं.

एकदा माझ्या जीपमधून आम्ही सगळे वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालो. मी शेजारची जागा साहेबांसाठी राखून ठेवली होती. ते मागं जाऊन बसले, तेही उलट्या तोंडानं. दौलताबादच्या घाटात त्यांचा आवाज आला, "शेठ, डावीकडं. आत्ता." मी गाडी डावीकडं घेतली आणि एक ट्रक जवळजवळ घासून पुढं गेला.

बायको म्हणाली, "असा शेजारी मिळायला नशीब लागतं."

"मग आरसा कशाला बसवलाय गाडीला?" मी म्हटलं.

साहेब एवढंच म्हणाले, "आरशात उशिरा दिसतं."

पुढं मी महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलो. पैसा झाला होता, पण लोक अजून मला भंगारवालाच म्हणत. ते नाव मला पुसायचं होतं. शेवटच्या सभेला हातापाया पडून साहेबांना स्टेजवर आणलं आणि माइकवर सांगितलं, "ह्या साहेबांनी शत्रूची चार विमानं पाडली." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण दोन लढाया म्हटल्यावर तेवढी तर पडलीच असणार, असं मी धरून चाललो होतो. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

साहेब उठले. मंडपभर एकदा नजर फिरवली आणि माइक घेतला.

"एकही नाही," ते म्हणाले. "विमानं जोडीनं जातात. पुढचा मारतो. मागचा त्याची पाठ राखतो, कुणी आलं तर ओरडतो. दोन्ही लढायांत मी मागचा होतो. जी पडली ती पुढच्यानं पाडली." आणि जाऊन बसले.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "चारावरून एकदम शून्य? लई उतरला शेठचा भाव." मंडप हसून लोळला. निवडणुकीत मी पडलो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. "दोन मिनिटं गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"शेठ, मंडपाच्या मागं खांबाला टेकून एक माणूस उभा होता. आमच्या तळावरचा जुना मेकॅनिक. तुमच्या विरोधकाच्या गाडीतून उतरला होता. तो भर सभेत विचारणार होता, कुठली चार विमानं?"

"विचारलं का त्यानं?"

"नाही."

"मग?"

"मी आधी बोललो ना."

असं उत्तर बाजारात कुणी दिलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. मी म्हटलं, "पडलो ना मी?"

"पडलात. पण परक्याच्या तोंडून खोटे ठरून पडला नाहीत. लोक उद्याही तुमच्या दुकानात येतील."

लोक आले. पण ते तसेही आले असते की नाय? हे कोण सांगणार? मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

वर्ष व्हायच्या आत साहेब झोपेतच गेले. दिवसकार्याला पुण्याहून एक उंच, म्हातारे गृहस्थ आले. हेच ते पुढचे, ज्यांची पाठ साहेब राखायचे. त्यांना स्टेशनवर सोडायला मी गेलो. वाटेत विचारलं, "ह्यांचं कधी चुकायचं का हो?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "तो 'वळ' म्हणाला की मी वळायचो. वळलेल्या माणसाला मागं खरंच कुणी होतं का, ते कळत नाही. कित्येकदा समोरचं विमान हातचं सुटलं. वाटायचं, उगाच ओरडला. खाली उतरून मी त्याला नाही नाही ते बोलायचो."

"आणि ते?"

"गप्प. मग थोड्या वेळानं मीच म्हणायचो, चल, जेवून घेऊ."

त्यानंतर मी त्या मेकॅनिकचा तपास केला. विरोधक म्हणतो, तसला कुणी नव्हताच. पण तो खरं कशाला सांगेल? मंडपवाला म्हणतो, खांबाला टेकून कुणीतरी होतं, पण खांबाला टेकून कुणीतरी असतंच. माझे कार्यकर्ते निम्मे व्हय म्हणतात, निम्मे नाय. तुम्हीच सांगा, ह्या माणसानं मला बुडवलं की वाचवलं?

हे साहेबांनाच विचारायला हवं होतं. मी बोलणं सोडल्यावरही ते रोज सकाळी तुळशीला पाणी घालून भिंतीपाशी घटकाभर उभे राहायचे. मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. आधी त्यांनी बोलावं, असं मला वाटायचं. अजूनही माझं म्हणणं तेच आहे.