लाखेवरचा द्राक्षांचा घड

आधीच सांगतो, अंगात येणं, भानामती असलं मी काही मानत नाही. कसोटीवर घासल्याशिवाय मी सख्ख्या भावाच्या सोन्याले सोनं म्हटलं नाही. शिक्षण चौथी, पण अकोल्यात पन्नास वर्षं सोनारकाम केलं... पटलं तर वाचा, नाही तर पान उलटा.

मागच्या उन्हाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराले, अमरावतीहून सुमनबाई दुकानात आल्या. त्यांचे मालक शाळेत गुरुजी होते, वर्षाआधी वारले. त्यांच्याजवळ एक जुनं ग्रीक नाणं होतं — एका बाजूले सिंहाचं कातडं पांघरलेलं तोंड, दुसऱ्या बाजूले खुर्चीवर बसलेला देव. देवाच्या गुडघ्यापुढं द्राक्षांचा घड आहे, त्यावरून टांकसाळ कोणत्या गावची ते समजते, असं गुरुजींनी वहीत लिहून ठेवलेलं. अमरावतीचा एक नाणेवाला म्हणाला, घडबिड काही नाही, नाणंही नकली.

"पोरगा म्हणते, बाबा फेकत होते. चाळीस वर्षांच्या वह्या रद्दीत घालून राहिला, दादा. तुमी खरं काय ते सांगा."

"मी गोड बोलत नसतो, बाई."

"म्हणून तर एवढ्या उन्हात तुमच्याकडं आली."

आमच्या घरची रीत अशी — परक्याची वस्तू हाती आली की आधी गरम लाखेवर ठसा घ्याचा. उद्या कोणी म्हटलं वस्तू बदलली, तर ठसा दाखवता येते. तसा घेतला, लाख बाजूले ठेवली. मंग नाण्याचा काठ जरासा कानसला, तोच काठ कसोटीवर घासला, तेजाब लावलं. आतबाहेर चांदी, जुनी. भिंग लावलं. गुडघ्यापुढं सपाट! झिजलं म्हणावं, तर शेजारचा पाय शाबूत.

"चांदी खरी आहे. पण घड नाही. गुरुजी चुकले."

बाईंनी पदरानं चष्मा पुसला, थंड झालेली लाख उचलली.

"दादा... मंग हे काय आहे?"

लाखेत, गुडघ्यापुढं, द्राक्षांचा घड. दाणे मोजले — नऊ. बाईंनी पिशवीतून वही काढली. गुरुजींच्या चित्रातही नऊच.

नाणं पुन्हा पाहिलं — सपाट. दुसऱ्या लाखेवर दाबलं, तिसऱ्या लाखेवर दाबलं... सपाट.

गिऱ्हाइकापुढं "चुकलो" हा शब्द मी कधी काढला नव्हता. त्या दिवशी म्हटलं, "चुकलो मी, बाई. गुरुजी नाही." ती लाख त्यांनाच देऊन टाकली. वह्या रद्दीत गेल्या नाहीत, पोरानंच फोन करून सांगितलं.

लोक म्हणतात, लाखेत आधीचाच डाग असन. कसा असन? मीच तापवली, मीच गुळगुळीत केली. लाख स्वतःच्या मनानं काही काढत नाही, दाबलं तेच उमटते. मंग त्या दिवशी मी तिच्यावर दाबलं काय होतं, हे मले अजून समजलं नाही.