लावू का?

पहिल्यांदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. भूत, भानामती, अंगात येणं यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी अंगठेच उठवले. मी सांगलीला राहून, वार लावून जेवून बी.एस्सी. झालो, तेही फिजिक्स घेऊन. आज साताऱ्याला हायस्कुलात शास्त्र शिकवतो. लिंबू कापून रोग जात नाही, हे वर्गात पोरांना ओरडून सांगणारा माणूस मी. तरी खालची हकीकत तुमच्या सदराला पाठवतो आहे, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत... खरं म्हणजे कानांदेखत घडली.

लढाई संपून दुसरा उन्हाळा असेल. साताऱ्यातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी लष्कराच्या लिलावातून एक ट्रेलर घेतला. लॉरीला मागे जोडून ओढायची चाकांवरची खोलीच ती. आत दोन बाकं, पाण्याची टाकी, मोरी आणि छताला दिवे. एका बाकाचं त्यांनी ऑपरेशनचं टेबल केलं आणि सगळ्याला बाहेरून पांढरा रंग मारून घेतला. खटाव भागातल्या गावोगाव जाऊन मोतीबिंदू काढायचे, असा त्यांचा विचार. मदतीला त्यांच्या पत्नी. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू. लॉरीवर ड्रायव्हर म्हणून कुंडलचे एक पेन्शनीतले हवालदार.

सगळं होतं, पण दिवा टिकत नव्हता. दहा मिनिटं झकास जळायचा, मग लालसर व्हायचा, मग गप्प. साताऱ्यातल्या दोन मिस्त्र्यांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे आले. मला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी होय म्हटलं, त्याला आणखी एक कारण होतं.

माझ्या आईचा डावा डोळा एका वैदूनं सुई घालून कायमचा घालवला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. भाकरी थापताना ती तव्याचा अंदाज हाताला लागणाऱ्या धगीवरून घ्यायची. ऑपरेशनला ती दोन वर्षं नाही म्हणत होती. सुईची धास्ती. शेवटी मी म्हटलं, दिवा मी करतोय, मी तिथं असेन. तेव्हा कबूल झाली. आमचं गाव वडूजपासून दोन कोसांवर आणि ट्रेलरचा पहिला मुक्काम वडूजलाच ठरला होता.

ट्रेलर वडूजला आंब्याखाली उभा केला आणि मी कामाला लागलो. बॅटऱ्या खाली, जमिनीलगतच्या एका लोखंडी पेटीत. पेटीचं झाकण बाहेरून उघडायचं. बॅटरीपासून एक तार फरशीतल्या भोकातून वर दिव्यांकडे जाते. परतीची तार नसतेच, ट्रेलरचा लोखंडी सांगाडाच परतीचं काम करतो. हे मिस्त्र्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी बॅटऱ्या तपासल्या, त्या भरलेल्या. फ्यूज शाबूत. खटका खोलून साफ केला. तार सुटी करून बॅटरीच्या टोकावर नुसती टिचकावली, चट्कन ठिणगी पडली. म्हणजे प्रवाह आहे. ही ठिणगीची परीक्षा मी कॉलेजपासून करतो. बघायला गावातली माणसं जमली की दोनदा जास्त करतो, हेही कबूल करतो.

मग बॅटरीचं दुसरं टोक सांगाड्याला जोडणारा बोल्ट काढला. खाली सगळा पांढरा रंग. रंगाऱ्यानं बोल्ट ढिला करून आतसुद्धा रंग फासला होता, आणि रंगातून वीज धड जात नाही. काचकागदानं लोखंड चकचकीत करून बोल्ट आवळला. दिवा तीन तास एकसारखा जळला.

"मास्तर, पास झालात," डॉक्टर म्हणाले.

"पास आधीच झालोय. हे सर्टिफिकेट समजा."

हवालदार तेवढे हसले नाहीत. त्यांची एक रीत मी दोन दिवस बघत होतो. मुख्य खटका लॉरीच्या बाजूला होता. तो लावायच्या आधी ते मोठ्यानं विचारायचे, "लावू का?" आणि थांबायचे. आत माणूस असो की नसो. मग हळूच लावायचे.

"हवालदार, कुणाला विचारता? आत तर कोणी नाही."

"इचारायचं, मास्तर."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"तर न्हाई आलं. इचाराया काय पैसं पडत्यात?"

मी हसलो. म्हटलं, बारा व्होल्टला माणूस मरत नाही, मुंगी चावल्यासारखंसुद्धा होत नाही. ते विडी पेटवून बसले आणि सांगू लागले. "आमच्या कंपनीत मोटं जनरेटर हुतं. एक गडी तारेवर, एक खटक्यावर. खटक्यावरच्यानं इचारायचं, लावू का. तारेवरचा लाव म्हनला तरच लावायचं. एक दिवस खटक्यावरच्याला घाई झाली. न इचारता लावला."

"मग?"

"मग काय. तारेवरचा माजा जोडीदार हुता. आमच्या शेजारच्या गावचा."

"आणि खटक्यावर?"

त्यांनी विडी विझवली. "चा पेता का, मास्तर?"

मी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला बैलगाडीतून आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, डोळा कापून उघडेपर्यंत दिवा गेला तर मी थांबेन, पुन्हा येईन. पण एकदा उघडला की थांबता येत नाही. अंधारात हात हलला तर हाही डोळा गेला. खात्री आहे ना?"

"माझी आई आहे ती," मी म्हटलं.

आईनं टेबलावर पडताना माझा हात चाचपला. "दत्तू, लाइट तू केलीस न्हवं?"

"व्हय."

"मग जा भाईर. तू हितं उभा ऱ्हायलास तर मलाच तुजी काळजी लागंल."

धूळ नको म्हणून दार-खिडक्या लावून पडदे ओढले. बाहेर नऊ-दहाचं ऊन, आत रात्र. मुख्य खटका मी स्वतः लावला. विचारलं वगैरे काही नाही.

दिवा लागला. दारातल्या फटीतून उजेडाची रेघ दिसत होती. मी त्या रेघेकडं बघत उभा. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "आता अजिबात हलायचं नाही हं, आजी."

आणि रेघ गेली.

लालसर नाही, मंद नाही. एकदम गेली. आत काहीतरी पडल्याचा आवाज, वहिनींचं दबलेलं "अगंबाई", आणि मग डॉक्टर, अगदी हळू आवाजात: "मास्तर, दिवा."

मी धावत जाऊन पेटीचं झाकण उघडलं. बोल्ट घट्ट. फ्यूज शाबूत. खटका लावलेलाच. मग डोक्यात एकच आलं, तार सुटी करून टिचकाव आणि ठिणगी बघ. प्रवाह बॅटरीपाशी आहे की नाही तेवढं कळेल. पान्यानं तार सुटी केली.

मागं हवालदार उभे होते. "मास्तर, इचारा."

"हवालदार, ही वेळ आहे का?"

"पाया पडतो, इचारा."

त्यांना गप्प करायचं म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, मी दात खात म्हटलं, "लावू का?"

"थांब रं."

पुरुषाचा आवाज. घसा बसलेला, माझ्या कानाला लागून, त्या पेटीतून. वरून नाही, मागून नाही. पेटीत दोन बॅटऱ्या आणि वीतभर जागा, मांजरसुद्धा मावणार नाही. माझा हात तारेसकट बोटभर अंतरावर थांबला.

तेवढ्यात मनगटावर गार थेंब पडला. मग दुसरा. वर पाहिलं. फरशीतल्या तारेच्या भोकातून काहीतरी ठिबकत होतं. वास घेतला. स्पिरिट. अंधारात वहिनींचा धक्का लागून हत्यारं बुडवायची स्पिरिटची बरणी कलंडली होती आणि सगळं माझ्या पेटीत येत होतं. बॅटरीची टोकं ओली झालेली. मी ठिणगी पाडणार होतो. वर आई.

तार मी हवालदारांच्या हातात दिली. "हे लांब धरा. कशाला लावू नका." त्यांनी ती पटकन फडक्यात गुंडाळून बाजूला बांधली. मग ते लॉरीकडे पळाले आणि आपला दाढीचा आरसा घेऊन आले. मी ट्रेलरचं दार उघडलं. त्यांनी उन्हात गुडघा टेकून आरसा धरला आणि उन्हाचा कवडसा टेबलावर टाकला.

"थोडं डावीकडे," आतून डॉक्टर म्हणाले. "बस. तिथंच."

त्या म्हाताऱ्याचा हात मी पाहिला. बंदूक धरावी तसा. टाके पडून पट्टी बांधेपर्यंत कवडसा केसभरही हलला नाही. आईसुद्धा हलली नाही.

पेटी पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून मी सगळी लाइन वीत वीत तपासली. दोष सापडला नाही. संध्याकाळी तार जोडली. हवालदारांनी विचारलं, "लावू का?" थांबले, लावला. दिवा लागला. त्या मोसमात ट्रेलर पंधरा-वीस गावं हिंडला. दिवा एकदाही गेला नाही.

आठव्या दिवशी पट्टी सोडली. आईनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मिशी येका अंगानं कमी कापलीयास. मास्तर म्हनत्यात व्हय तुला?"

आता माझ्या बुद्धीला जेवढं सुचलं तेवढं सांगतो. थेंब आधी पडला असेल, अंगानं आधी ओळखलं असेल आणि मनानं त्याला आवाज दिला असेल. असं म्हणता येईल. पण थेंब नंतर पडला, हे मी शपथेवर सांगतो. दिवा का गेला, तेही सांगता येत नाही. तो गेला नसता तर बरणी कलंडली नसती, मीही ठिणगी पाडायला गेलो नसतो. मग थांबवणाऱ्यानंच तो घालवला, असंही म्हणता येत नाही.

एकच गोष्ट राहिली. त्या संध्याकाळी मी हवालदारांना सगळं सांगितलं. शब्द काय, आवाज कसा, सगळं. "घसा बसल्याला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आन् थांब रं म्हनला?" पुन्हा हो.

मला वाटलं, आता म्हणतील, बघा, मी सांगत होतो. ते तसं काही म्हणाले नाहीत. चाकाला टेकून खाली बसले.

"मी मागं दोन हातावर हुतो, मास्तर. मला काय बी ऐकू आलं न्हाई." मग म्हणाले, "त्यो माजा जोडीदारच. चार वर्सं त्येला इचारतोय मी. मला येकदा बी बोलला न्हाई."

मी बी.एस्सी. आहे. तरी मी त्यांच्या शेजारी, त्याच चाकाला टेकून बसलो.