तीन तऱ्हांनी लिहिलेला शब्द

शनिवार, १४ सप्टेंबर २०१९. सकाळी धुकं, मग ऊन. चर्चच्या महिला मंडळाची सहल, हिन्झर्टच्या छळछावणीला. बस लागली, एक गोळी घेतली. परतताना ट्रियरला कॉफी. केटीने केकचे दोन तुकडे खाल्ले, बिलात एकच सांगितला. वहीत लिहिलं. चुका झाल्या.

लेओनी वेल्टर यांची डायरी अशीच असते, आटोपशीर. बारा वर्षांच्या असताना त्यांनी ती सुरू केली आणि नवरा, आर्मां, गेला त्या दिवशीही पान कोरं ठेवलं नाही. डायरी फ्रेंचमध्ये. नन्सच्या शाळेत जर्मन आणि फ्रेंच लिहायला शिकवलं, तेही असं की एक मात्रा चुकली तर सिस्टर आलोयसिया अख्खं पान पुन्हा लिहायला लावायच्या. घरात, बाजारात, भांडताना आणि देवाला साकडं घालताना मात्र लेओनीबाई लक्झेंबर्गी बोलायच्या. ती भाषा लिहायला कुणी शिकवलीच नाही. विल्ट्झ गावातल्या त्यांच्या वयाच्या सगळ्यांचं असंच. बोलायला वाघ, लिहायला बसलं की शेळी.

त्यांचे पपा मॅट क्रेमर कातडी कमावण्याच्या कारखान्यात होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लक्झेंबर्ग देश गिळला होता आणि तिथल्या मुलांनी जर्मन सैन्यात भरती व्हावं असा हुकूम निघाला होता. तेव्हा विल्ट्झमध्ये संप झाला, पपा त्यात होते, आणि त्यांना हिन्झर्टला नेलं. लेओनी चार वर्षांची होती. पुढच्या वसंतात ते परत आले तेव्हा ती त्यांना ओळखेना, म्हणून ते अंगणातच बसून राहिले, ती आपण होऊन जवळ येईपर्यंत. पुढे आयुष्यभर पपा चारचौघांसारखे राहिले. कातडं, बीट लावलेली बाग, रविवारी पत्ते. छावणीबद्दल विचारलं तर म्हणायचे, "तिथं बघण्यासारखं काही नाही." म्हणून लेओनीबाई कधी गेल्या नव्हत्या. या वर्षी मंडळाने सहल काढली तेव्हा त्यांची नणंद केटी म्हणाली, "वहिनी, एक्याऐंशी झालं. आता बघून घ्या, नाहीतर वर गेल्यावर मॅटकाका विचारतील, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

खरंच, बघण्यासारखं फार नव्हतं. बराकी उरल्या नव्हत्या. गवत, क्रॉसांच्या ओळी, एक तपकिरी धातूची इमारत आणि वारा. छावणीशेजारच्या जर्मन गावची हाइडरुन नावाची चाळिशीतली बाई माहिती देत होती, जर्मनमध्ये, सावकाश, शब्द जपून. लेओनीबाईंना त्यातलं अक्षर न् अक्षर कळत होतं. त्या एकच गोष्ट बघत होत्या: जमीन. इथे पपांनी पाय रोवले होते.

निघताना दाराशी अभिप्रायाची वही होती. लेओनीबाईंनी पेन उचललं आणि तिथेच अडल्या.

त्यांना दोनच वाक्यं लिहायची होती. पण ती पपांच्या भाषेत, इथे दुसऱ्या कुठल्याही भाषेत नाही. आणि पपांच्या भाषेत त्यांना धड लिहिता येत नव्हतं. चुकलेल्या ओळीखाली स्वतःची सही, तीही जर्मन भूमीवर, जगभरचे लोक वाचतील अशा वहीत. सिस्टर आलोयसियांनी त्यांना असं वाढवलं नव्हतं.

"काय झालं?" केटीने मागून डोकावत विचारलं.

"आपलं 'लेट्सेबुअर्गेश', म्हणजे लक्झेंबर्गी, कसं लिहितात?"

"टी आणि झेड. की टी आणि एस?"

"पहिल्या ई-वर दोन टिंबं द्यायची," कुणीतरी म्हणालं.

"दुसऱ्या," दुसरीने ठणकावून सांगितलं.

"टिंबंबिंबं काही नसतात, माझी सून शाळेत शिकवते."

"तुझी सून भूगोल शिकवते."

सगळं मंडळ टेबलाभोवती जमलं. प्रत्येकीचं लिखाण वेगळं आणि खात्री मात्र सारखीच. हाइडरुन जवळ आली. "जर्मनमध्ये लिहिलंत तरी चालेल, बाई. पुष्कळजण लिहितात."

"माहीत आहे," लेओनीबाई म्हणाल्या. "माझं जर्मन तुमच्याइतकंच चांगलं आहे."

"वहिनी, मग फ्रेंचमध्ये लिहा," केटी म्हणाली. "फ्रेंचमध्ये तुमची कधी चूक होते का? बस थांबलीय. ट्रियरचा केक संपेल."

लेओनीबाईंनी पेन खाली ठेवलं. कुणाला वाटलं, झालं, सोडून दिलं. पण त्या बोलायला लागल्या. ही गोष्ट त्यांनी मंडळात कधी सांगितली नव्हती.

"जर्मनांनी जनगणनेचा कागद पाठवला होता ना, एकेचाळीस साली. राष्ट्र कोणतं, मातृभाषा कोणती, वंश कोणता. त्यांना हवं होतं की आपण 'जर्मन' लिहावं. आमच्या पपांनी तिन्ही ठिकाणी 'लेट्सेबुअर्गेश' लिहिलं, आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळं. आई म्हणाली, अहो, निदान एकसारखं तरी लिहा, हसतील. पपा म्हणाले, हसू देत, कळलं म्हणजे झालं."

"आणि?" हाइडरुनने हळूच विचारलं.

"कळलं की," केटी म्हणाली. "चांगलंच कळलं."

बायका हसल्या. हाइडरुनला हसावं की नाही ते समजेना, तेव्हा लेओनीबाईंनीच तिच्या दंडावर हात ठेवला. मग टेबलाशी ताठ बसून त्यांनी लिहिलं, कानाला जसं ऐकू येतं तसं, न थांबता: माझे पपा मॅट क्रेमर इथं होते. ते घरी परत आले. खाली पूर्ण नाव, आणि नावापुढे तो शब्द. टिंबं त्यांनी पहिल्या दोन्ही ई-वर दिली. एक जादा झालं तर झालं.

केटीने चष्मा लावून वाचलं. "वहिनी, 'घरी'मध्ये एक अक्षर खाल्लंत."

"असेल."

"खोडू?"

"हात लावू नकोस."

केटीने हात लावला नाही. उलट पेन घेऊन खाली आपली ओळ लिहिली, "मी त्यांची नणंद, सोबत आले." त्यातही चूक होती, वहिनींपेक्षा मोठी. मग एकेक करत सगळ्याजणींनी लिहिलं. पान भरलं. बसच्या चालकाने दोनदा हॉर्न वाजवला तरी कुणी घाई केली नाही. बसकडे जाताना लेओनीबाईंची मान अशी ताठ होती की केटी म्हणाली, "जरा खाली बघून चाला, खड्डा आहे."

संध्याकाळी दिवसाचा मजकूर संपल्यावर त्यांनी डायरीत नेहमीच्या बिनचूक फ्रेंचमध्ये शेवटची ओळ लिहिली: स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय, खाली बादली ठेवली.